हलक्या कॉपीत जेवणारा माणूस

समस्त वाचक बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, रिसोड येथील एक नामवंत (हे मीच म्हणतोय) लग्नाचा शूटिंगवाला, वय वर्षे एकावन्न, हल्ली आपल्याच कॉम्प्युटरला घाबरतो. हातात चहा असेल तर खाली ठेवा. सांडेल.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. बावीस वर्षं लग्नं शूट करतोय. स्मशानाला लागून घातलेले मांडव पाहिलेत... पण रुसलेल्या जावयापेक्षा भयंकर काही दिसलं नव्हतं.

आमच्या भागात लग्नाच्या व्हिडिओत पंगत लागते म्हणजे लागतेच. जेवायला बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा आला पाहिजे. मंगलाष्टकं थोडी हलली तरी चालतात, पण पंगतीतला मावसभाऊ सुटला तर "आमचा माणूस काहून कापला?" म्हणत चार जण दुकानात उभे राहतात. म्हणून पंगतीतला चेहरा मी कधीही कापत नाही.

आणि मला शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा अशी वाढली तर पाय जाईल. तेव्हापासून लग्नात मी अन्नाला शिवत नाही. बायकोने, सुनंदाने, स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून तशी शपथ घ्यायला लावली. मी घरूनच डबा नेतो.

तर, रिठदला तुळशीरामभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. भाजीपाल्याचा मळा करणारा हौशी माणूस, माझ्या पायाची कथा ठाऊक असलेला. नवा कॅमेरा मी त्याच दिवशी पहिल्यांदा काढला. दुपारी पंगत बसली — जमिनीवर, पत्रावळ्या मांडून. वरण, पोळी, आलू-वांग्याची भाजी आणि गरम बुंदी. खोटं कशाला बोलू, कॅमेऱ्यामागे माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं की गिळावं लागलं. पण शपथ म्हणजे शपथ! चारही रांगा शूट केल्या, लिंबाखाली बसलो आणि डब्यातली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर तपासली. तीनशे ऐंशी.

"बुंदी खाल्ली ना तुमी?" सुनंदा.

"तुह्या गळ्याची शपथ, एक दाना नाही."

"मंग हे मशीन खोटं बोलून राह्यलं काय?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मी एडिटिंगला बसलो. नव्या कॅमेऱ्याचं फुटेज देखणं, पण इतकं जड की सॉफ्टवेअर हलेना. नवरीने पाऊल उचललं की ते टेकेपर्यंत मी चहा पिऊन परत यायचो. बाकीचे प्रोग्राम बंद केले, प्रीव्ह्यू लहान केला, साठलेला कचरा साफ केला. थोडा फरक पडला. पण चौथ्या रांगेत एका जागी आलं की सगळं ठप्प! दर वेळी तीच जागा.

वाशीमच्या एका एडिटर दोस्ताला फोन केला. तो हसला. "अबे, ओरिजिनलवर कायले काम करून राह्यला? प्रॉक्सी बनव." प्रॉक्सी म्हणजे त्याच फुटेजची हलकी कॉपी. कटिंग तिच्यावर करायचं; शेवटी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फुटेज लावून व्हिडिओ काढतं. चित्र तेच, फक्त वजन कमी.

बनवली. लोण्यासारखी चालली! पहिली रांग, दुसरी, तिसरी... चौथ्या रांगेत एक जण मान खाली घालून बुंदी हाणत होता. आकाशी शर्ट. माझाही त्या दिवशी आकाशीच होता. टक्कलही माझ्यासारखंच. मला गंमत वाटली.

मग त्याचा मांडी घातलेला डावा पाय दिसला.

करंगळी नव्हती.

भर दुपारचे अडीच वाजलेले, समोर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं आणि माझा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी मूळ फुटेज उघडलं. ते तिथे अडकायचंच, म्हणून बटण दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. त्या जागी कोणीच नव्हतं. दोन माणसांच्या मधे मोकळी जागा, समोर भरलेली पत्रावळ... आणि तुळशीरामभाऊ वाकून त्या मोकळ्या जागेला बुंदी वाढत होते. हसत होते. बोलत होते.

कॉपीच बिघडली असेल, मी स्वतःला समजावलं. डिलीट केली. नव्याने बनवली. पुन्हा चौथी रांग.

या वेळी पत्रावळ चाटूनपुसून रिकामी होती. आणि त्याने हात पुढे केला होता — अजून वाढा म्हणून.

खणातून शुगरचं मशीन काढलं. सकाळपासून पोटात फक्त भाकरी आणि दोडक्याची भाजी. चारशे दहा. डाव्या पायाच्या तळव्याला मुंग्या आल्या.

ठरवलं, ही रांग कापायची. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बोट बटणावर ठेवलं, तेवढ्यात दारात तुळशीरामभाऊ, हातात मेथीच्या जुड्या. "आमची पंगत दाखवा बरं भाऊ!" दुकानामागेच आमचं घर, आवाज ऐकून सुनंदा चहा घेऊन आली. तिची नजर पडद्यावर चालू असलेल्या चौथ्या रांगेवर गेली.

"सापडले! शपथ घेते म्हने!"

"अवं, तो मी नाही! भाऊ, तुमीच सांगा, मी जेवलो काय तुमच्याकडं?"

तुळशीरामभाऊ मनापासून हसले. "आता कायले लाजून राह्यले? मीच तं तीनदा वाढलं तुमाले. म्या म्हनलं, भाऊ, बस करा, पाय जाईन. तं तुमी मान वर न करता म्हनले, वाढा... पाय माहा थोडाच जाते, त्याचा जाईन. अन् बोटानं कॅमेऱ्याकडं दाखोलं. मले वाटलं मजाक करून राह्यले!"

रसवंतीचं घुंगरू तेवढं वाजत होतं.

रांग मी कापली नाही. हिंमतच झाली नाही. व्हिडिओ मूळ फुटेजवरून निघाला, त्यामुळे त्यात मोकळी जागाच दिसते. एकही नातेवाईक भांडायला आला नाही. हलक्या कॉप्या पुसून टाकल्या, पुन्हा कधी बनवल्या नाहीत. पाय अजून आहे, रोज सकाळी उठून आधी तोच बघतो. डॉक्टरांना विचारलं, वाशीमच्या दोस्ताला विचारलं. एकाने गोळी वाढवली, दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. मला आजवर याचा काहीही उलगडा झालेला नाही.

पण भीती त्या जेवणाऱ्याची वाटत नाही हो. भीती वाटते ती त्या दुपारी सुनंदा जे बोलून गेली त्याची. पडद्यावर कॅमेरा रांगेवरून सावकाश सरकत होता, एकेक चेहरा घेत, जराही न थरथरता. तिने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चहाचा कप हातात तसाच धरून ती एक पाऊल मागे सरकली.

"मंग... शूटिंग कोन करून राह्यलं होतं?"