आधी खड्डा, मग लग्न

आमच्या मामेसासऱ्यांइतका विजेला भिणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी सारी हयात विजेच्या खांबांवर चढउतर करण्यात घालवली. लाइनमन म्हणून निवृत्त होऊन आता मालेगावात राहतात, पण खिशातला टेस्टर काही निवृत्त झालेला नाही. कुणाच्या घरी गेले की पाण्याच्या पेल्याआधी भिंतीवरच्या बोर्डाकडे बघतात. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी, पिन तोडून तो दोन भोकांत खुपसलेला दिसला, तर त्या घरी चहा घेत नाहीत. एकदा आसेगावला बारशाला गेले आणि मिक्सरची अशी पिन पाहून यजमानांवर इतके बरसले, की बाळाचं नाव ठेवायचं राहिलं बाजूला.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडून घर पाहायला हेच आले. मुलीची आई नव्हती. भाचीला यांनीच लहानाचं मोठं केलेलं. पगाराची, शेताची चौकशी होईल म्हणून वडील सातबारा काढून बसले होते. यांनी पिशवीतून दोन वायरींचा बल्ब काढला, एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब मिणमिणलासुद्धा नाही.

"पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले, "पन घराले अर्थिंग नाई. आधी खड्डा, मंग लगन."

वडिलांनी घाईघाईनं नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली अर्थिंगची तार दाखवली. मामा पाइपाच्या मागं मागं अंगणात गेले आणि म्हणाले, "हा तं पुढं पिलास्टिकचा हाय. करंट जाईन कुठं?" आठ दिवसांनी स्वतःच कुदळ घेऊन हजर झाले. पुरुषभर खड्डा खणला, तळाशी तांब्याची प्लेट ठेवली, वर मीठ आणि कोळशाचे थर दिले. लग्नघरी मीठ-कोळसा पुरणारा हा पाहुणा बघून शेजारच्या काकूंनी करणीचा संशय घेतला आणि आमच्या दारावर लिंबू-मिरच्या टांगून गेल्या.

खड्डा सुकला की अर्थिंग चालत नाही, म्हणून लग्नानंतर उन्हाळा लागला की मामांचा फोन ठरलेला. "जवाईबापू, खड्ड्याले पानी पाजलं का?" आमची तब्येत त्यानंतर. मी कधी कंटाळून खोटंच हो म्हणायचो, तर दुसऱ्या दिवशी हे एसटीनं दारात. वीज कुठं गळू लागली की आपोआप पडणारा खटका, ईएलसीबी, तोही त्यांनीच आणून बसवला. मला हा सगळा म्हातारचळ वाटायचा.

त्यामागचं कारण बायकोनं फार उशिरा सांगितलं. तिची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, कामरगावला होती. तिनं हौसेनं लोखंडी कूलर घेतला आणि मामांनी तो स्वतः जोडून दिला. बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून अर्थिंगची पिन तोडली आणि म्हणाले, उद्या बोर्ड बदलतो. दुसऱ्या दिवशी ड्युटी लागली. कूलरमध्ये पाणी टाकताना ती त्याला चिकटली. बायको तेव्हा चार वर्षांची होती. हे ऐकल्यापासून मला मामांचं हसू येईना.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या मुलीनं आंघोळीहून येऊन ओल्या हातांनी कूलर धरला. आतल्या पंपाची वायर सोलली गेली होती. खट् आवाज झाला, खटका पडला, सगळे पंखे थांबले. मुलगी पाय आपटत ओरडू लागली. तिला काहीच झालं नव्हतं. बायको मात्र तिथंच जमिनीवर बसली. मी मामांना फोन लावला.

"पोरगी बोलून राह्यली का?" त्यांनी एवढंच विचारलं.

दोन तासांत ते आले. मुलीचे दोन्ही तळवे हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिले. तिला त्याचं काय! ती चिडलेलीच होती. "आजोबा, तुमच्या खटक्यानं माहा कूलर बंद पाडला. घेऊन जा तो तुमच्या घरी!"

"भांड माय, भांड," मामा म्हणाले. "तुही आजी बी अशीच भांडे माह्यासंग."

आणि डोळे पुसायचंही न सुचता ते तिचं सगळं भांडण शेवटपर्यंत ऐकत बसले.