कऱ्हेच्या काठावरची राख

या सहलीला दुसऱ्यांदा जाऊ नये, असं मला कुणी सांगितलं नाही. उलट नीला मॅडमनी ग्रुपवर ‘इंदापूर-बारामती, दोन दिवस, लाव्हा आणि राख’ असा बेत टाकला, तेव्हा सगळ्यांत आधी नाव मीच नोंदवलं.

नीला मॅडमनी तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्या दर हिवाळ्यात बारा-चौदा जणांना ट्रॅव्हलरमध्ये घालून दगड दाखवायला नेतात. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर हीच सहल केली होती आणि परत आल्यावर एक पोस्ट लिहिली होती. या ब्लॉगवर सगळ्यांत जास्त वाचली गेलेली पोस्ट तीच. तुमच्यातले बरेच जण तीच वाचून इथे आला असाल. म्हणून ही दुसरीही नीट वाचा.

शनिवारी सकाळी सहाला स्वारगेटहून निघालो. सोलापूर रस्ता चांगला आहे, पण यवतपर्यंत ट्रक फार. फेब्रुवारीत जा. मार्चनंतर इथला काळा दगड इतका तापतो की त्यावर टेकताही येत नाही. टोपी, भरपूर पाणी आणि बंद बूट घ्या. बरोबर आलेल्या एका काकू चपला घालून आल्या होत्या आणि दिवसभर पायातले काटे काढत होत्या.

भिगवणला न थांबता आधी इंदापूरकडे गेलो. पहिला थांबा वरकुटे गावाजवळच्या एका मळ्यातली विहीर. सहलीत विहीर बघायची म्हटल्यावर दोघं-तिघं हसले. कठड्याशी वाकून पाहिलं आणि इतरांना हाका मारू लागले. वर काळा कातळ, खाली काळा कातळ आणि मधोमध हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा, सगळ्या विहिरीला गोल फिरलेला.

“साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हा वाहिला,” मॅडम म्हणाल्या. “एकदा नाही, कितीतरी वेळा. एक थर निवला, त्याची माती झाली. मग वरून दुसरा थर आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. तीच ही लाल रेघ.”

मळ्याचे मालक शेजारी उभे राहून ऐकत होते. दुधी आणि दोडक्याचे वेल मांडवावर चढवलेले, ठिबकची नळी खांद्यावर. ते म्हणाले, “आमी तर ह्येला गेरू म्हणतो. गेरू लागला की कड ढासळती, म्हणून तितं बांधून घ्यावं लागतं. कोटी-बिटी काय म्हाईत न्हाय.” जाताना त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक दुधी दिला. नको म्हणायची सोय नव्हती.

दुपारी भिगवणला परत येऊन मासे खाल्ले. चिलापीची थाळी मागा, रस्सा वेगळा मागा आणि तिखट कमी सांगायला विसरू नका. मग धरणाच्या फुगवट्याच्या काठाला गेलो. पाणी ओसरलेल्या ठिकाणी खडक उघडा पडतो. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे तसेच अडकले. पुढे त्या भोकांत पांढरे स्फटिक भरले. काळ्या दगडात भात सांडल्यासारखे दिसतात. सगळे पक्ष्यांचे फोटो काढत होते, मी दगडाचे काढले. संध्याकाळी बारामतीत मुक्काम. लॉज स्वच्छ होतं, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.

इथवर सहल छान झाली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं तसं नाही.

रविवारी सकाळी पोहे खाऊन मोरगावच्या रस्त्याला लागलो. ऊस मागे पडत जातो, ज्वारी दिसायला लागते, मग नुसता माळ आणि शेळ्या. मोरगावला ज्यांना दर्शन घ्यायचं होतं त्यांनी घेतलं. तिथून पुढे कऱ्हेच्या काठानं कुठेतरी गेलो. कुठेतरी, एवढंच लिहीन. माणसांची नावंही बदलली आहेत.

चार वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते सांगते. नदीची उभी कड, पुरुषभर उंच. तिच्यात गोट्यांच्या थरावर फिकट राखाडी पट्टा. बोटानं खरवडला की पिठासारखा निघायचा, चिमटीत मात्र कचकच लागायची. तो दख्खनचा लाव्हा नव्हेच. समुद्रापलीकडे, सुमात्रा बेटावर एक प्रचंड ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यानं इथवर येऊन पडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो उद्रेक नेमका कोणता, यावर त्यांच्यात वाद आहे. मला वादाशी देणंघेणं नव्हतं. मोरगावच्या माळावर सुमात्राची राख! मी गालाला लावून पाहिली होती.

ती कड तात्यांच्या रानात होती. तात्या सत्तरीचे, बोलायला मोकळे. त्यांनीच आम्हाला खाली उतरवलं होतं. “माझी आय ह्येच्यानं तांब्याचा हंडा घासायची. लकाकायचा निस्ता,” असं सांगितलं होतं. निघताना मला कॅमेऱ्यासह पाहून म्हणाले होते, “ताई, लै लोकान्ला सांगू नका बरं का.”

मला तो साधेपणा वाटला. मी हसून मान हलवली. घरी येऊन पोस्ट लिहिली, तीत फाट्यापासूनची प्रत्येक खूण दिली आणि शेवटी नकाशावरची नेमकी जागाही.

या वेळी गाडी रानाच्या तोंडाशी थांबली, तर वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. पलीकडून एक बाई आली. एका पायावर झुकत, पाय ओढत. तात्यांची सून वैशाली. मागच्या खेपेला हिनं आम्हाला धावत जाऊन ताकाचा तांब्या आणून दिला होता.

“हितं काय न्हाय आता,” ती लांबूनच म्हणाली. “माघारी जावा.”

“अगं, मी नीला. दर साली येते. मध्ये दोन वर्षं जमलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

तिनं ओळखलं. फांदी बाजूला केली, पण चेहरा तसाच. आम्ही तिच्यामागून नदीकडे गेलो.

कड नव्हती. रानापासून पाण्यापर्यंत सरळ उतार केलेला होता. त्यावर जनावरांसाठी घास पेरलेला, मधून पाण्याच्या मोटारीचा पाइप गेलेला. मॅडम त्या उतारावर खाली-वर दोनदा चालल्या. एका ठिकाणी बसून त्यांनी माती उकरली, हातात घेतली, टाकून दिली. तीस वर्षं त्या इथे विद्यार्थी आणत होत्या.

तात्या गोठ्याकडून आले. आमच्यातल्या एका गृहस्थांना राहवलं नाही. निवृत्त अधिकारी, आवाजाची सवय असलेले. “हे तुम्ही केलंत? अहो, हा जगाचा ठेवा होता! तुम्हाला कल्पना तरी आहे का?”

“ठेवा व्हय?” तात्या म्हणाले. “ठिवला व्हता की. माझ्या बापानं ठिवला, म्या ठिवला. कवा फावडं लावलं न्हाय.”

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. आधी रविवारी एखादी गाडी यायची. मग चार-पाच. कुणीतरी त्या कडेविषयी मोबाइलवर लिहिलं होतं म्हणे. ज्वारीतनं गाड्या घातल्या. राख तोंडाला लावली की चेहरा उजळतो असं कुणी पसरवलं, तेव्हापासून लोक पिशव्या भरून न्यायला लागले. फोटोसाठी आत बसता यावं म्हणून पोरांच्या एका टोळक्यानं थराखाली गुहा कोरली. तात्यांनी हाकललं तर दुसरे आले.

“कड पोकळ झाली व्हती. आमाला काय कळलं न्हाय,” तात्या म्हणाले. “ही शेळ्या पाण्यावर घिऊन गेली आन् वरची समदी माती खाली आली. दोन शेळ्या गेल्या. हिला उकरून काढली.”

“खुब्याचं हाड मोडलं,” वैशाली म्हणाली. “सळई घातलीय. खाली बसता येत न्हाय.”

“मग म्या मशीन आणलं,” तात्या म्हणाले. “येका दिसात सपाट केलं.”

ते अधिकारी गाडीकडे वळले. नीला मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती पोस्ट त्यांनीही वाचली होती, कौतुकाचा फोनही केला होता. त्या माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, “चल. काही बोलू नकोस. काय उपयोग?”

मी दोन पावलं गाडीकडे गेलेही. हे कबूल केलं पाहिजे. मग परत फिरले.

“तात्या, ते मोबाइलवरचं मी लिहिलं होतं. रस्ता मी दिला होता.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला.

“कॅमेरावाल्या ताई,” ते म्हणाले. “तुमाला म्या सांगितलं व्हतं.”

“हो.”

“मग?”

मला वाटलं नव्हतं, असं होईल असं, लोक इतके... मी असंच काहीतरी म्हणत राहिले. माफी मागितली. तात्या ऐकून न घेताच गोठ्याकडे वळले. पाठ फिरवून गेलेला माणूस परत बोलवता येत नाही.

वैशाली मात्र उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याची मी वाट बघत होते.

“तुमचं लिव्हलेलं काढून टाका,” ती म्हणाली. “आन् लिव्हा की हितं काय ऱ्हायलं न्हाय. लोक अजून येत्यात. काय न्हाय म्हणून सांगितलं तर आमालाच शिव्या देत्यात. त्यान्ला माघारी लावाया मला सारखं फाट्यापतुर चालवत न्हाय.”

जेजुरीमार्गे परत निघालो. सासवडला चहाला उतरलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, “आणखी एका ठिकाणी राख आहे. थर पातळ आहे, पण आहे. तुला म्हणून दाखवेन.”

“मला सांगू नका,” मी म्हटलं.

त्या दुखावल्या. पण त्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. यापुढे सहली नेणार नाही, असं मात्र म्हणाल्या.

घरी येऊन त्याच दिवशी जुनी पोस्ट काढून टाकली. मग शोधलं, तर माझेच फोटो आणि माझंच रस्त्याचं वर्णन आणखी सात ठिकाणी होतं. काहींनी निदान वाक्यं बदलायचे कष्ट घेतले होते. सगळ्यांना लिहिलं, घडलं ते सांगितलं. दोघांनी काढलं. चौघांनी उत्तरच दिलं नाही. एकाचं उत्तर आलं: ‘फार वाईट झालं मॅडम. काढतो. पण अशी दुसरी एखादी जागा माहीत असेल तर सांगा ना, आमचे वाचक विचारतात.’ त्याचं पान अजून तसंच आहे.

वरकुट्याची विहीर सुंदर आहे. भिगवणचा खडक बघण्यासारखा आहे. तिथे जा, मालकाला विचारून आत पाऊल टाका. कऱ्हेकाठी जाऊ नका. तिथे बघायला काही नाही. जे होतं ते मी तुम्हाला दाखवून टाकलं.

आठवड्यानं मॅडमकडून नंबर घेऊन वैशालीला फोन केला. मी पोस्ट काढली, इतरांनाही सांगितलं, काहींनी काढलं, असं सगळं एका दमात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“बरं केलं,” ती म्हणाली. मागे शेळ्या ओरडत होत्या. “काल बी दोन गाड्या आल्या व्हत्या.”