फोटोतली जागा मी ओळखली

मंडळी, दुपारपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. शेवटी इथं लिहायला बसले.

मी दिल्लीत एका संशोधन संस्थेत सीमासुरक्षेवर अहवाल लिहिते. फोटो बारकाईनं बघून तो कुठला असेल हे ओळखणं माझ्या रोजच्या कामातलं. सध्या सुट्टीला पाटणजवळ गावी आलेय.

आज शेजारच्या काकींनी फौजेतल्या मुलाचा फोटो दाखवला. "राजस्थानात हाय. उन्हानं कसा रापलाय बघ."

मी फोटो मोठा केला. डोळ्यांभोवती गॉगलच्या पांढऱ्या खुणा, फुटलेले ओठ, मागं खोली गरम करायच्या शेगडीचा पाइप. मी लगेच शहाणपणा केला, "काकी, हे राजस्थान नाही. हे वर बर्फातलं ठाणं आहे."

काकी फोटो परत जवळ घेऊन बघू लागल्या. त्यांचे यजमान आबा रिटायर सुभेदार. ते मला अंगणात घेऊन गेले. "मला पयल्याच दिवशी कळलं हुतं. मी बी नोकरीभर हिला खोटंच गाव सांगितलं. घरच्यास्नी घोर नको म्हणून फौजेत असंच करत्यात, पोरी."

निघताना काकींनी माझा हात धरला. "लय थंडी असती का गं तितं? मी तर त्याला सुती बनियनं धाडली."

तिथलं तापमान मला पाठ आहे. माझ्याच अहवालात आहे ते. मी म्हटलं, "फार नसते हो काकी."

खोटंच बोलायचं होतं, तर ते फोटो बघतानाच का नाही सुचलं मला?