दुर्गामावशी वर जाऊन आली

लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची तर बाई फाटक्या तोंडाचीच लागते, आणि दुर्गामावशी त्या बाबतीत कुठं कमी नव्हती. उसळ वाढता वाढता ती गिरणीतल्या जॉबरलाही, म्हणजे मुकादमालाही, झापायची. संपात भोंगे थांबले, निम्मी माणसं गावी गेली, पण तिच्याकडून कुणी उपाशी उठलं नाही. खोटं मात्र तिला खपत नसे. भाजी बिघडली तर स्वतःच ओरडायची, "आज मीठ जास्त पडलंय रे, गुमान गिळा!"

संप विरून काही वर्षं झाली असतील. एका सकाळी आमटीला फोडणी देताना मावशी छाती धरून कोसळली. हॉस्पिटलात तिचं काळीज बंदच पडलं. डॉक्टरांनी छाती दाबदाबून ते परत चालू केलं. घरी आली तेव्हा अख्खी चाळ दारात. मावशी वर जाऊन आली म्हणजे काय चेष्टा आहे!

भजनी मंडळाचे बुधाजीबुवा सगळ्यांत पुढे. "मावशे, प्रकाश दिसला असंल. समद्यांना दिसतो."

"मला नाय दिसला."

"यमाचा रेडा तरी?"

"अरे, काय नाय दिसलं! मी काय यष्टीनं गेले होते, खिडकीतनं बघत बसायला?"

लोक हसले, पण हिरमुसले. एवढी मरून आली आणि बाई हात हलवत परत! "आठवून बघ," म्हणत बुवा निघाले. सत्यनारायणाला तिला माइकसमोर उभी करायची त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

घोळक्याच्या मागे कौसल्या उभी होती. ती मावशीकडे चपात्या लाटायची. तिचा नवरा कोंडीराम संपातच क्षयानं गेला, खोकून खोकून. शेवटी तिला वॉर्डात जवळ बसूही दिलं नव्हतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "पोरांना सांभाळू," म्हणून सांगून झालं, हात जोडून झाले, अखेर दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हापासून बिचारीनं एकच धरलेलं: आपला माणूस कुठंतरी अडकलाय आणि अजून तसाच खोकतोय.

मावशीला हे ठाऊक होतं. 'दिसला गो तुझा कोंडीराम, बरा आहे,' एवढं म्हटलं तर कुणाच्या बापाचं काय जाणार होतं? आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एक खोटं मनात घोळवून घोळवून तयार केलं.

दुपारी जेवणाऱ्यांची पंगत उठली. दोघीच उरल्या. कौसल्येनं लाटणं खाली ठेवलं.

"मावशी, एक इचारू?"

"विचार." मावशीनं श्वास घेतला.

"दुखत हुतं का वो तिथं?"

हे मावशीनं धरलंच नव्हतं. तयार केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि खरं तेच बाहेर आलं.

"पडताना दुखलं. जीव नको झाला. पण मग नाही."

"जरा बी न्हाई?"

"जरासुद्धा नाही. धाप नाही, तहान नाही. मीच नव्हते गो, दुखणार कुणाला? त्या डॉक्टरनं परत आणलं आणि बरगड्या ठणकायला लागल्या. मी शिव्या घातल्या मेल्याला!"

"आन् खोकला?"

"कसला खोकला आलाय तिथं!"

मावशी खोटं बोलत नाही, हे कौसल्येला चांगलं माहीत होतं. "म्हंजी सुटला," ती पुटपुटली. "माजा मानूस तवाच सुटला." आणि पिठाचे हात तोंडावर घेऊन ती हमसून हमसून रडली. मावशीनं तिला जवळ ओढलं. तिचेही डोळे वाहत होते, पण जिवाला असं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं कौसल्येनं नाक पुसलं.

"बरं झालं मावशी, तुमी जाऊन आलात. मला सांगनारं कुनी नव्हतं."