चार बोटांचं वटवाघूळ

हिंदी मुलखातल्या माधव नगर वस्तीतले सुधाकर मुंगी सर बारावीला जीवशास्त्र शिकवत. बत्तीस वर्षं त्यांनी एकाच गैरसमजाशी हुज्जत घातली. पोरं विचारायची, "सर, आदमी बंदर से बना, तो बंदर अब तक क्यों हैं?" सर कपाळाला हात लावत आणि पुन्हा पहिल्यापासून सांगत, की बाबांनो, आजच्या माकडापासून माणूस झाला नाही; दोघांचा पूर्वज एक. पुरावा? माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, सगळ्यांत हाडांची मांडणी तीच. शिवाय 'क' जीवनसत्त्व बनवणारं जनुक माणसात आणि माकडात एकसारखंच बिघडलेलं. चूकसुद्धा तीच निघाली, म्हणजे दोघांकडे ती एकाच पूर्वजाकडून आली.

यंदा मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासताना दुसऱ्या जिल्ह्यातल्या गठ्ठ्यात अकरा पेपर असे निघाले, की वटवाघळाच्या पंखाला चारच बोटं. अंगठा गायब. सरांचा पारा चढला. एकाचं बघून बाकीच्यांनी उतरवलं, दुसरं काय! 'सामूहिक नकल' असा शेरा मारून ते घरी आले आणि पोटभर जेवले.

जूनमध्ये भार्गवीचा फोन आला. ही त्यांची जुनी, लाडकी विद्यार्थिनी. आता एका खेड्यातल्या शाळेत हाच विषय शिकवणारी.

"सर, माझ्या अकरा मुलींचा रिझल्ट कॅन्सल केला. वटवाघळाची आकृती सगळ्यांची सेम आली म्हणून नकल म्हणतात. अहो, त्यांनी मी शिकवलं तेच पाठ केलंय, आणि मी तुमच्या वहीतूनच शिकवते. फोटो पाठवते. बोर्डाला एक चिठ्ठी लिहा ना, तुमचं ऐकतील."

फोटो आला. अक्षर सरांचं, आकृती सरांची, बोटं चार. वर्गात त्यांनी ती चूक केव्हाच सुधारली होती. भार्गवीला नोकरी लागली तेव्हा दिलेली वही मात्र तशीच गेली होती. कुणी कुणाचं बघून लिहिलं नव्हतं. अकराही जणींची चूक एकाच माणसापासून आली होती. जन्मभर पोरांना जे समजावलं, ते ऐन वेळी सरांनाच समजलं नाही. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी देवास गेटच्या बसस्टँडवरून बस धरून ते बोर्डाच्या कचेरीत गेले. चूक माझी, मुलींची नाही, असं लेखी दिलं. बाबूने कागद नीट वाचला. "गुरुजी, आदेश निकल चुका है. अब तो अगले साल ही बैठेंगी."

घरी आल्या आल्या त्यांनी भार्गवीला फोन लावला.

"तो शेरा मीच मारला होता, बेटा. पुढच्या वर्षी मी स्वतः येऊन शिकवीन त्यांना."



"कोणाला शिकवाल, सर? सात जणींची नावं घरच्यांनी शाळेतून काढून घेतली. मीनाचं तर परवा लग्न आहे. ती अजून मला विचारते, मॅडम, मेरी गलती क्या थी?"