कोरडं कपाळ

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. जळकोटजवळ पाझर तलावाचं काम निघालं, त्यावर देखरेखीला मला घेतलं. हंगामी का होईना, आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. बुद्धविहारात सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं आणि त्याची हवा माझ्या डोक्यात गेली.

माणूस किती राबतो हे मी घामावरून ठरवायचो. पाठ भिजली असली तर कामसू, कोरडी असली तर कामचुकार. एवढीच माझी अक्कल. त्याच कामावर माझी मावशी माती वाहायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं. नात्यातल्यांना सूट देतो असं कुणी बोलू नये म्हणून मी तिच्याशी जरा जास्तच कडक वागायचो. तिलाही ते कळत होतं, पण ती कधी रागावली नाही.

एका दुपारी पाण्याचा टँकर आलाच नाही. मावशी बाभळीखाली बसलेली दिसली. चेहरा लालबुंद, कपाळ कोरडं ठणठणीत.

"मावशे, अंगाला घामाचा थेंब न्हाई, आन् बसून राहिलीस? लोक मला काय म्हणतील?"

"डोस्कं लई गरगरायलंय रे बाबा," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून, "हाव, उठते."

तिनं पाटी उचलली. बांध चढताना ती कोसळली. बैलगाडीत घालून नेलं, पण दवाखाना गाठायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मीही पुढं कितीतरी वर्षं उन्हालाच दोष देत राहिलो.

मग एकदा मुलीला विज्ञान शिकवायला बसलो. कातडीत वेटोळं घातलेल्या बारीक नळ्या असतात, त्या घर्मग्रंथी. त्या अंगातलं पाणी घाम म्हणून बाहेर सोडतात आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. अंगातलं पाणी आटलं, ताप हाताबाहेर गेला, की कधीकधी घाम येणंच थांबतं. माणूस आतून भाजत असतो आणि वरून कोरडा दिसतो.

"मग अशा माणसाला काय करायचं?" मुलीनं विचारलं.

"सावलीत बसवायचं. अंग ओलं करायचं," मी सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

मावशीनं सावली स्वतःच शोधली होती. तिथून तिला मी उठवलं.