व्हॅनच्या बुडाला लेप

आमच्या रिठद गावात गाडीखाली उताणी झोपणारी बाई मी एकटीच. लोकांना आधी त्याची गंमत वाटली, मग सवय झाली. शाळेतल्या एका बाईंनी एकदा विचारलं होतं, इतकं काय असतं हो तिथं खाली बघण्यासारखं? मी म्हटलं, संसार. त्या हसल्या. मी काही त्यांना हसवायला बोलले नव्हते.

माझा नवरा लाइनमन होता. खांबावरून पडला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. त्यानंतर दोन वर्षं तो जवळजवळ घरातच होता. बाहेर काढायचं म्हणजे दोघांनी काखेत हात घालून उचलायचं, आणि तेच त्याला सहन व्हायचं नाही. ऑटो करून पाहिला. तिसऱ्या खेपेला उचलताना ऑटोवाला थट्टेत काहीतरी बोलला, वाईट मनानं नव्हे, पण बोलला. त्या दिवशी घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता मले कोणी उचलू नये." डॉक्टरकडे जायचं असलं तरी नाही. मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. तो माझ्याहून हट्टी आहे.

म्हणून ती व्हॅन घेतली, अकोल्याहून, जुनी. डब्यासारखी असते ना ती, सरकत्या दाराची. तिचं बूड सपाट आणि जमिनीपासून फार उंच नाही. वाशीमच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं मागचं बाक काढून दिलं, दारात अडकवायच्या दोन लोखंडी पट्ट्या करून दिल्या आणि आत धरायला एक आडवा दांडा बसवला. छत बुटकं, म्हणून चाकाची खुर्चीही बुटकी करून घेतली. नवरा खुर्ची पट्ट्यांवर आणायचा, दांडा धरायचा आणि हाताच्या जोरावर स्वतःला आत ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी मदतीला पुढे झाले तर त्यानं मला हात मागे बांधून उभं राहायला लावलं. मी शिक्षिका, पण त्या दिवशी मीच वर्गातल्या पोरीसारखी उभी होते. तो आत पोचला तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारीण बघते आहे हे माहीत असूनही मी टाळ्या वाजवल्या.

माझी शाळा शिरपूरच्या पुढे. शिरपूरच्या स्टँडजवळ त्याच्या एका मित्राचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक तिथे आणतात आणि आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून नेतात. मी सकाळी त्याला तिथे सोडायचे, संध्याकाळी घ्यायचे. त्याचे हात लाइनमनचे, तारेशी ओळख जुनी. महिन्याभरात तो मित्रापेक्षा नेटकी मोटार भरायला लागला. तिथल्या जैन देवळात आलेले यात्रेकरू त्याला रस्ता विचारायचे, शेतकरी त्याच्याशी वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडायचे, आणि तो घरी येऊन ते सगळं मला सांगायचा. त्याचं पुन्हा बोलणं सुरू झालं ते त्या व्हॅनमुळे. ती गेली तर काय होईल हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नवी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं, तो विषय इथेच संपवते.

तर गंज. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकातून उडते आणि बुडाला जाऊन बसते. वरून गाडी कोरडी दिसते, पण ते चिखलाचे थर दसऱ्यापर्यंत ओले असतात. वाशीमला एक म्हातारे डेंटर आहेत, गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मला पहिल्याच वर्षी समजावलं की धुतल्यानं गाडी मरत नाही, ओल धरून ठेवल्यानं मरते. मी ते वहीत लिहून घेतलं. मला लिहून घ्यायची खोड आहे.

मग दरवर्षी दिवाळीनंतर माझा कार्यक्रम ठरलेला. सर्व्हिसिंगवाल्याच्या रॅम्पवर गाडी चढवायची, जोराच्या पाण्यानं बूड धुवायचं, तीन दिवस उन्हात वाळवायचं. मग मी खाली जायचे. तारेच्या ब्रशनं घासायचं, जिथे तांबूस दिसेल तिथे गंजावरचा रेड ऑक्साइड रंग, आणि वाळल्यावर डांबरासारखा काळा लेप, दोन हात. कोपऱ्याकापऱ्यात ब्रश पोचत नाही, तिथे जळकं ऑइल सोयाबीनच्या फवारणीपंपानं मारायचं. डोळ्यांत, केसांत, कानात तेल. आठवडाभर खडूला हात लावला तरी खडू काळा व्हायचा. नवरा खुर्ची जवळ घेऊन बॅटरी धरायचा आणि इकडे राहिलं, तिकडे राहिलं, असं दाखवायचा. त्या तीन-चार दिवसांत आम्ही जेवढं हसलो तेवढं लग्नाच्या पहिल्या वर्षातही हसलो नसू.

बुडाला मधे मधे रुपयाएवढी भोकं होती, काहींत रबरी बुचं, काही उघडी. मला वाटलं, यातूनच पाणी वर शिरत असणार. मी ती सगळी लेपानं गच्च बुजवली. कोणाला विचारलं नाही. बुजवायची वस्तू दिसली की बुजवायची, यात विचारायचं काय? आत त्याला हादरे बसायचे म्हणून जाड स्पंज आणून अंथरला आणि त्यावर रबरी मॅट चारी बाजूंनी चिकटवून टाकली. पावसाळ्यात खुर्चीच्या चाकांचा चिखल आत यायचा, तर मी रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतून मॅट लख्ख करायचे. घाण मला खपत नाही.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. पासिंगला न्यायच्या आधी एकदा चाचांना दाखवावी म्हणून मी सुट्टी काढली आणि दोघं वाशीमला गेलो. नवरा खुर्चीसकट उतरून गॅरेजच्या सावलीत बसला. चाचा खाली गेले आणि खालूनच माझं कौतुक करायला लागले, की बूड तर शोरूममधून काढल्यासारखं आहे. मी नवऱ्याकडे बघून मान उडवली. तो जमिनीकडे बघत होता.

मग चाचांनी पेचकसाच्या मुठीनं ठोकून पाहिलं. आवाज पत्र्यासारखा येईना. त्यांनी पेचकस उलटा धरला आणि टोक हलकंच टेकवलं, आणि तो पाती संपेपर्यंत वर गेला. त्यांनी तो बाहेर काढला तेव्हा टोकाला स्पंजाचा काळा तुकडा होता.

मॅट उचकटली. खालचा स्पंज चिंब, इतका की दाबला तर पाणी. त्याखाली पत्रा म्हणून जे होतं ते हातानं उचलता येत होतं, भाकरीच्या पापुद्र्यासारखं. वरून ओतलेलं माझं पाणी स्पंजात साठत गेलं आणि त्याला खाली जायला वाट नव्हती, कारण वाट मी बुजवली होती. ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात, चाचांनी सांगितलं, आणि ते सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. पत्रा केव्हाच गेला होता. वर्षानुवर्षं मी दिलेला लेप तेवढा उरला होता, आणि गाडी त्याच्यावर चालली होती.

"वेल्डिंग कायले मारू मॅडम?" ते म्हणाले. "पकडाले पत्राच नाही राह्यला. खालचे दांडेबी गेले. याच्यात आता माणूस बसवू नका."

मी अजून आत बघत होते. जिथे खुर्चीची चाकं टेकतात, बरोबर तिथे, मॅट आणि स्पंजाच्या मधे, प्लायवूडची एक फळी होती. मी ठेवलेली नव्हती. कडेला मॅटचा चिकटवलेला भाग कापून पुन्हा चिकटवलेला दिसत होता, वेगळ्या रंगाच्या डिंकानं. तो डिंक मी ओळखते. मोटारीच्या दुकानात असतो.

मी बाहेर आले. नवऱ्यानं माझ्या हातातली फळी बघितली.

"कवा समजलं तुमाले?" मी विचारलं.

"पोळ्याच्या टायमाले. चाक खाली बसून राह्यलं होतं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर काय केलं असतं तू?"

"गाडी बंद केली असती."

"मंग?" तो म्हणाला.

मी तिथेच चाचांच्या स्टुलावर बसले. पोळ्यापासून चार महिने. मधे दिवाळीनंतरचा लेप झाला होता. तेव्हाही तो बॅटरी धरून बसला होता, आणि मी मधल्या भागाला ब्रश लावला तर म्हणाला होता, तिथं नको जोर लावू, तिथं चांगलं हाय. मला वाटलं होतं, माझा खांदा दुखतो म्हणून म्हणतोय. मी रोज त्याला त्या फळीवर बसवून शिरपूरच्या खड्ड्यांतून नेत होते आणि शाळेला उशीर होतो म्हणून वेगही वाढवत होते. चाचांनी पाणी दिलं. मी ग्लास तसाच स्टुलाखाली ठेवला.

चाचांनी आतून एक जाड लोखंडी पत्रा टाकून दिला, घरापर्यंत जायला. मी बैलगाडीच्या वेगानं व्हॅन चालवली. अर्ध्या वाटेवर तो मागून म्हणाला की एक मोटार अर्धी भरून ठेवली आहे, उद्याचा दिवस मला दुकानात सोड, मग बंद कर. मी नाही म्हटलं. त्याला उद्यासाठी होकार दिला असता तर परवा दुसरी मोटार अर्धी राहिली असती. मी त्याला ओळखते. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी दुसऱ्याचा विचार करू शकत नाही.

नंतरचं आधीच सांगून टाकते. त्याच्या मित्रानं दोनदा मोटारसायकलवर मोटारी बांधून घरी आणल्या. नवऱ्यानं त्या भरून दिल्या. तिसऱ्यांदा मित्र आला नाही, आणि त्याला दोष कसा देणार, जळकी मोटार एवढ्या लांब आणून पुन्हा न्यायची म्हणजे त्याचा अख्खा दिवस जातो. मी जुन्या व्हॅन बघून आले. ज्या परवडतात त्यांच्या बुडाखाली मी स्वतः पेचकस घेऊन गेले, आणि एकही घेतली नाही. ऑटोचं नाव काढलं की तो ऐकू न आल्यासारखं करतो. आमची व्हॅन अंगणात उभी आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला.

पण मला आठवते ती चाचांकडून आल्यानंतरची सकाळ. मी डबा भरून बाहेर आले तर तो ओसरीत तयार होता. आंघोळ केलेली, दाढी केलेली, इस्त्रीचा आकाशी शर्ट. व्हॅनच्या दारात दोन्ही पट्ट्या त्यानंच अडकवून ठेवल्या होत्या. कशा अडकवल्या असतील देव जाणे, खाली वाकल्यावर त्याचा तोल जातो. मी व्हॅनची किल्ली पर्समध्ये टाकली, माझी जुनी स्कूटी बाहेर काढली आणि मागे वळून न बघता निघाले. शिरपूरच्या स्टँडवरून जाताना दुकानात त्याचा मित्र उभा होता. त्यानं माझ्या मागे बघितलं, मग मान खाली घातली.

त्या दिवशी मी मुलांना दिवसभर परिच्छेद उतरवून काढायला लावले. माझ्याच्यानं बोलवत नव्हतं.

संध्याकाळी आले तेव्हा तो ओसरीत तिथेच होता. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. पट्ट्या दारात तशाच. मी पायरीवर बसले, चपला न काढता.

"चार महिने बसलो मी त्या फळीवर," तो म्हणाला. "एक दिवस तरी खाली गेलो का?"

मी दारातल्या पट्ट्यांकडे बघितलं. मग खरं तेच सांगितलं.

"नाही गेले तुमी."

त्यानं मान हलवली आणि शर्टाची बटणं सोडायला लागला.